डेन्मार्कच्या ताटातलं सरकार

२०२० सालच्या अखेरीस डेन्मार्कच्या सरकारने आपल्या कॅन्टीनसाठी एक नियम जाहीर केला. सरकारी कार्यालयांतल्या खानावळींत आठवड्यातले दोन दिवस मांस शिजणार नाही, असा तो नियम. कारण हवामानबदलाचं होतं, आणि ते सरकार ज्या निवडणुकीतून आलं होतं तिच्यात हवामान हाच मोठा विषय होता. तरीही कामगार संघटना खवळल्या. आमच्या माणसांनी दुपारी काय खावं हे मंत्रालय परस्पर कसं ठरवतं, असा त्यांचा सवाल होता. काही दिवसांत नियम मागे घेतला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, याच देशाने वनस्पतिजन्य अन्नाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. असा आराखडा आणणारा डेन्मार्क हा जगातला पहिला देश मानला जातो. तो मांडणारे अन्न व कृषिमंत्री याकोब येन्सन हे व्हेन्स्ट्रे पक्षाचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांचा पक्ष म्हणून जन्मलेल्या आणि आजही पशुपालकांची मतं मिळवणाऱ्या पक्षाचे. या वेळी खळबळ उडाली नाही. शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेपासून शाकाहारी मंडळापर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसलेले होते.

मधल्या तीन वर्षांत डेन्मार्कचे लोक बदलले नव्हते. बदललं होतं ते सरकार कोणाशी बोलतं आहे, हे. पहिल्या वेळी ते जेवायला बसलेल्या माणसाशी बोललं, दुसऱ्या वेळी रांधणाऱ्याशी आणि पिकवणाऱ्याशी. मांसाहार कमी करण्याचे सरकारी प्रयत्न जिथे जिथे झाले त्यांचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला, तर यशापयशाची सर्वांत ठळक खूण मला हीच दिसते. मांस कमी व्हावं यासाठी सरकारने प्रयत्न करायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. ते कसे करावेत याचं उत्तर मात्र उपदेशात किंवा बंदीत सापडत नाही. ते मुदपाकखान्यात, खरेदीच्या निविदेत आणि पीक-अनुदानाच्या तक्त्यात सापडतं.

सरकारने या भानगडीत पडावंच का, हे आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्या आढाव्यात होतं. गाय, डुक्कर, मेंढी यांचं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या पुढच्या गटात गेलं. ज्या देशात सकाळच्या पावावर हॅम आणि रात्रीच्या ताटात डुकराचं मांस हा नित्यक्रम आहे, तिथे ही गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या खर्चाची होते. पर्यावरणाचा हिशेब आणखी मोठा आहे. जगात माणसाच्या हातून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी पशुपालनाचा वाटा अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये १४.५ टक्के सांगितला होता. २०२३ च्या नव्या मोजणीत तो १२ टक्क्यांच्या आसपास आला. पूर आणि नेमेसेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की जगाच्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी, मत्स्यपालन यांसाठी गुंतलेली आहे आणि तिच्यातून माणसाला मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातला सर्वांत बोलका आकडा हाच. वायूंच्या मोजणीत पद्धतीनुसार फरक पडतो. जमीन मात्र एकच असते, आणि तिच्यावर खुराकाचं पीक उभं असेल तर तिथे जंगल उभं राहू शकत नाही.

डेन्मार्कमध्ये हा जमिनीचा प्रश्न उघड्या डोळ्यांना दिसतो. साठ लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश वर्षाला तीन कोटींच्या घरात डुकरं पैदा करतो. देशाची साठ टक्क्यांच्या आसपास जमीन शेतीखाली आहे आणि तिच्यातली बरीचशी जनावरांच्या खुराकासाठी वापरली जाते. त्यावरही भागत नाही म्हणून दक्षिण अमेरिकेतून सोयापेंड येते. शेतातलं नायट्रोजन ओढ्यांतून समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांत उतरतं, शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव मरतात. एप्रिल २०२४ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्यांनी वाइले इथल्या खाडीची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली, ती याच कारणाने. त्यात २०२० च्या हवामान कायद्याने देशाला बांधून घातलं आहे: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत वायूंचं उत्सर्जन ७० टक्क्यांनी खाली आणायचं. वीजनिर्मितीत पवनचक्क्यांनी मोठी मजल मारली, त्यामुळे उरलेल्या उत्सर्जनात शेतीचा हिस्सा वाढत गेला. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी आहार-सल्ल्यात पहिल्यांदाच आरोग्य आणि हवामान यांचा एकत्र विचार झाला आणि मांसाचं प्रमाण आठवड्याला साधारण ३५० ग्रॅमपर्यंत ठेवा, असं सांगितलं गेलं. सोबत रोज शिजलेली १०० ग्रॅम कडधान्यं खा, असंही होतं. हा दुसरा सल्ला डॅनिश माणसाला पहिल्यापेक्षा अवघड होता. मांस कमी कसं घ्यायचं हे कळतं. मसूर, वाटाणा, राजमा यांचं करायचं काय, हे त्याच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

आता अपयशांकडे वळू, कारण त्यांतूनच डेन्मार्क शिकला. २०१३ च्या जर्मन निवडणुकीत ग्रीन पक्षाच्या जाहीरनाम्यात सार्वजनिक कॅन्टीनमध्ये आठवड्याचा एक शाकाहारी दिवस असावा, अशी सूचना होती. सक्ती नव्हती, कायदाही नव्हता. ऑगस्टमध्ये 'बिल्ड' या खपाच्या दैनिकाने 'ग्रीन पक्ष आपलं मांस बंद करायला निघाला' अशा धाटणीची बातमी पहिल्या पानावर घेतली आणि उरलेला प्रचार त्या एका वाक्याभोवती फिरला. पक्षाला ८.४ टक्के मतं मिळाली, अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. पराभवाला करवाढीच्या प्रस्तावासारखी इतर कारणंही होती, पण त्यानंतर अनेक वर्षं जर्मनीतला कोणताही मोठा पक्ष या विषयाला हात लावायला धजला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये स्पेनचे ग्राहकमंत्री अल्बेर्तो गार्सोन यांनी मांस कमी खाण्याचं आवाहन करणारी चित्रफीत काढली. त्यांच्याच मंत्रिमंडळाचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी परदेश दौऱ्यावर असताना गोमांसाच्या जाड भाजलेल्या तुकड्याची जाहीर तारीफ केली आणि विषय तिथेच संपला.

फ्रान्समधल्या लियों शहराची गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रीन पक्षाचे महापौर ग्रेगरी दुसे यांनी कोविडच्या अंतरनियमांमुळे शाळांत मुलांना पटापट वाढता यावं म्हणून काही काळ सगळ्यांना एकच जेवण द्यायचं ठरवलं. त्यात मासे होते, अंडी होती, मांस नव्हतं. देशाचे गृहमंत्री आणि कृषिमंत्री महापौरांवर तुटून पडले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन शहरात आले. महापौरांनी दाखवून दिलं की त्यांच्या आधीच्या महापौरांनीही २०२० मध्ये अशीच बिनमांसाची व्यवस्था केली होती आणि तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. आधीचे महापौर ग्रीन पक्षाचे नव्हते. म्हणजे मुलांच्या ताटात काय पडलं, यावर भांडण नव्हतंच. ते कोणाच्या हातून पडलं, यावर होतं. डेन्मार्कमध्येही असं घडून गेलं आहे, फक्त उलट्या दिशेने. जानेवारी २०१६ मध्ये रानर्स नगरपालिकेने ठराव केला की सार्वजनिक संस्थांच्या जेवणात डुकराचं मांस असलंच पाहिजे. त्यामागे पोषणाचा विचार नव्हता. मुस्लिम स्थलांतरितांविषयीची अस्वस्थता होती. मांस हे अन्न असतं तसंच ते आपण कोण आहोत याचं निशाणही असतं. सरकारने ताटाकडे बोट दाखवलं की समोरचा माणूस आरोग्याचा आकडा ऐकत नाही, आपल्या घराण्याला नाव ठेवलेलं ऐकतो. त्याला अडाणी म्हणून काही साधत नाही.

पैशाच्या मार्गाने थेट ग्राहकाला गाठण्याचा प्रयोगही डेन्मार्कने करून पाहिला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये संपृक्त चरबीवर किलोमागे १६ क्रोनर कर लागला. लोणी, चीज, मांस सगळं महागलं, लोक गाड्या काढून जर्मनीत आणि स्वीडनमध्ये खरेदीला जाऊ लागले आणि जानेवारी २०१३ मध्ये कर रद्द झाला. तेव्हापासून कोपनहेगनमधल्या कोणत्याही अर्थमंत्र्याला खाद्यपदार्थांवरच्या कराचं नाव काढताना तो प्रसंग आठवत असणार.

याच काळात त्याच शहरात एक काम शांतपणे चालू होतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे. कोपनहेगन नगरपालिका बालवाड्या, शाळा, वृद्धाश्रम, आश्रयगृहं अशी सुमारे ९०० स्वयंपाकघरं चालवते. २००७ मध्ये तिने 'कोपनहेगन मॅडहूस' नावाची संस्था उभी केली आणि तिला एक लक्ष्य दिलं: २०१५ पर्यंत या स्वयंपाकघरांतलं ९० टक्के अन्न सेंद्रिय करा. अट अशी की शिधा-खर्चाची तरतूद वाढणार नाही. सेंद्रिय माल महाग, पैसे तेवढेच. मग जमायचं कसं? नगरपालिकेने पैसा मालावर घातला नाही, माणसांवर घातला. प्रशिक्षक त्या त्या स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्यांसोबत उभे राहिले. तयार पाकिटं बंद करून पहिल्यापासून रांधायचं, मोसमातली भाजी घ्यायची, उरलेलं वाया घालवायचं नाही, कडधान्यं भिजवायला आणि शिजवायला शिकायचं. आणि या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे मांस कमी वापरायचं, कारण ताटातली सर्वांत महागडी वस्तू तीच. २०१५ नंतर सेंद्रिय मालाचं प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. लक्ष्य थोडक्यात हुकलं, पण तोवर मांसाचं प्रमाण खाली आलं होतं आणि 'मांसबंदी' असा शब्द कोणाच्या तोंडी आला नव्हता. वृद्धाश्रमातल्या आजींना काय दिसलं? जेवण ताजं आहे, भाकरी-पाव तिथेच भाजला जातो आहे, चव सुधारली आहे. या पायावर उभं राहून २०१९ मध्ये नगरपालिकेने पुढचं लक्ष्य घेतलं, की २०२५ पर्यंत आपल्या जेवणांचा हवामानावरचा भार पाव हिश्शाने कमी करायचा. एखादी सनद काढून हे साधलं नसतं. आचाऱ्याला मटकीची उसळ आणि वालाचं बिरडं करता येणाऱ्या समाजात हे प्रशिक्षण कशाला हवं, असं मराठी वाचकाला वाटेल. पण ज्या समाजात भाजी म्हणजे मांसाच्या बाजूला ठेवलेला उकडलेला बटाटा, तिथे आचाऱ्याचे हात नव्याने तयार करावे लागतात, आणि त्याला वर्षं लागतात.

ही एकट्या शहराची किमया आहे का, अशी शंका येऊ शकते. तशी ती नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या खानावळींत एमा गार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९४,००० हून अधिक जेवणांची नोंद तपासली. त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार पदार्थांत एकाऐवजी दोन बिनमांसाचे ठेवले, तेव्हा त्यांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. सर्वांत जास्त बदल एरवी हमखास मांस घेणाऱ्यांमध्ये दिसला. न्यूयॉर्क शहराच्या अकरा सार्वजनिक रुग्णालयांत २०२२ पासून रुग्णासमोर आधी वनस्पतिजन्य जेवण ठेवलं जातं. नको असेल तर मांसाचं जेवण मागून घेता येतं. निम्म्याच्या आसपास रुग्ण समोर आलेलं जेवण घेतात. ते घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक समाधानी असल्याचं रुग्णालयांनी सांगितलं, २०२३ मध्ये जेवणामुळे होणारं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं आणि दर जेवणामागे ५९ सेंट वाचले. या जेवणांवर शहरातल्या वेगवेगळ्या समाजांच्या चवींची छाप आहे, हेही महत्त्वाचं. रुग्णालयातलं बेचव पथ्याचं अन्न समोर ठेवून तेच आकडे आले नसते.

रांधणाऱ्याइतकाच महत्त्वाचा पिकवणारा, आणि इथे डेन्मार्कने जे केलं ते इतर युरोपीय देशांना अजून जमलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, शेतीच्या हरित बदलाविषयी जवळपास सर्वपक्षीय करार झाला. त्यातून वनस्पतिजन्य अन्नाचा एक स्वतंत्र निधी जन्माला आला. २०३० पर्यंत त्यात ६७.५ कोटी क्रोनर घालायचे ठरलं, आजच्या दराने आठशे कोटी रुपयांहून अधिक. निधीतला किमान निम्मा पैसा सेंद्रिय उत्पादनांसाठी राखून ठेवला. माणसाच्या खाण्यासाठी प्रथिनयुक्त पिकं घेणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं प्रोत्साहन अनुदानही त्याच करारात आलं. डेन्मार्कमध्ये वाटाणा आणि फाबा बीन ही घेवड्याच्या कुळातली पिकं होत होतीच, पण ती जनावरांच्या तोंडी जात. शेतकऱ्याला नवं काही पेरायचं नव्हतं. त्याचा माल माणसासाठी निवडणारी, सोलणारी, दळणारी गिरणी हवी होती आणि तो विकत घेणारं स्वयंपाकघर हवं होतं. निधीचा पैसा या मधल्या दुव्यांवर जातो: प्रक्रिया, वाणांचं संशोधन, आचाऱ्यांचं शिक्षण, निर्यातीची बाजारपेठ. डॅनिश शाकाहारी मंडळाचे सरचिटणीस रुने-क्रिस्तोफर ड्राग्सडाल यांनी या करारासाठी सेंद्रिय शेतकऱ्यांच्या आणि पारंपरिक शेतकऱ्यांच्या संघटनांशी वर्षानुवर्षं जुळवून घेतलं. मांसाच्या विरोधात मोर्चा काढण्यापेक्षा वाटाण्याच्या बाजूने युती उभी करण्याची ही हुशारी होती, आणि २०२३ चा आराखडा त्याच युतीच्या बळावर आला.

या मार्गावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. डेन्मार्क आपल्या डुकराच्या मांसाचा बहुतांश भाग परदेशी विकतो. उद्या प्रत्येक डॅनिश माणसाने आठवड्याला ३५० ग्रॅमचा सल्ला पाळला, तरी गोठे आणि डुक्करवाडे तसेच राहतील, खाड्या तशाच मरतील, माल तेवढा चीनला आणि पोलंडला जास्त जाईल. म्हणजे खाणं बदलून उत्पादन बदलत नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर २०२४ मध्ये देण्याचा प्रयत्न झाला. जून २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना, कामगार संघटना, उद्योग, नगरपालिका आणि निसर्ग संरक्षण संस्था यांच्यात करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये संसदेतल्या बहुसंख्य पक्षांनी तो उचलून धरला. २०३० पासून पशुपालनाच्या उत्सर्जनावर टनामागे ३०० क्रोनर कर, २०३५ पर्यंत तो ७५० क्रोनरपर्यंत वाढणार. मात्र ६० टक्के वजावट असल्यामुळे प्रत्यक्षात पडणार १२० आणि ३०० क्रोनर. शिवाय अडीच लाख हेक्टरवर नवं जंगल लावायचं आणि सखल दलदलीच्या १ लाख ४० हजार हेक्टर जमिनीला शेतीतून मोकळं करायचं. गोठ्यातल्या मिथेनवर कर लावणारा हा पहिला देश ठरेल. न्यूझीलंडने २०२२ मध्ये असाच प्रस्ताव मांडला होता, पण सरकार बदललं आणि २०२४ मध्ये तो बासनात गेला.

साठ टक्क्यांची वजावट म्हणजे शेतकरी लॉबीपुढे टाकलेली नांगी, अशी टीका पर्यावरणवाद्यांनी केली. एका दुभत्या गाईमागे वर्षाला साधारण सातशे क्रोनर पडतील आणि २०३० मध्ये खिमा किलोमागे दोनेक क्रोनरने महागेल, एवढ्याने काय होणार? टीकेत तथ्य आहे. दर कमी आहे आणि तो लवकर वाढायला हवा. तरी नेदरलँड्समध्ये काय झालं तेही पाहिलं पाहिजे. तिथे मे २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजनविषयक परवाना-पद्धत रद्द ठरवली. त्यापूर्वी अनेक वर्षं सरकारने प्रश्न पुढे ढकलला होता, आता एकदम घाई झाली. २०२२ मध्ये कोणत्या भागात किती टक्के घट हवी याचा नकाशाच जाहीर झाला. आपलं शेत त्या नकाशात गडद रंगात पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्या क्षणी दुसरं काहीच नव्हतं, ना पीक, ना गिऱ्हाईक. ट्रॅक्टर महामार्गावर आले आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत नवा शेतकरी पक्ष देशभर पहिल्या क्रमांकावर गेला. डेन्मार्कमध्ये कराआधी निधी आला, आराखडा आला, आचारी तयार होऊ लागले. हा क्रम मला कराच्या दराइतकाच मोलाचा वाटतो. 'आम्ही कमी केलं तर दुसरे देश जास्त पिकवतील' हा युक्तिवाद उत्सर्जनापुरता काही अंशी खरा आहे. पण वाइलेच्या खाडीतलं नायट्रोजन दुसऱ्या देशात जात नाही, आणि सगळ्यांनीच दुसऱ्याची वाट पाहायची ठरवली तर कर कुठेच लागणार नाही.

दुसरा आक्षेप वैज्ञानिकांकडून येतो आणि त्यावर मांस कमी करू पाहणाऱ्या सरकारांनी पुरेसा विचार केलेला नाही. गोमांस कमी करा म्हटलं की लोक कोंबडीकडे वळतात. हवामानाच्या हिशेबात ते चांगलं, कारण गाईच्या मांसाच्या किलोमागे कोंबडीच्या कित्येक पट वायू बाहेर पडतात. आतड्याच्या कर्करोगाच्या हिशेबातही वाईट नाही. पण एका गाईइतकं मांस मिळवायला शेकडो कोंबड्या लागतात, त्या बंदिस्त शेडमध्ये दाटीवाटीने वाढतात, त्यांना प्रतिजैविकं दिली जातात आणि बर्ड फ्लूचं संकट उभं राहतं. म्हणून 'लाल मांस कमी करा' एवढाच संदेश देणारं सरकार एक प्रश्न सोडवून दुसरा वाढवतं. कडधान्याचा मार्ग इथे उपयोगी पडतो, कारण त्यात एका मांसाची जागा दुसरं मांस घेत नाही. डॅनिश आराखड्याने नवनव्या नकली मांसापेक्षा कडधान्यं आणि भाज्यांवर अधिक भर दिला, तो या कारणानेही योग्य आहे.

माणसाच्या खाण्यात सरकारचा काय संबंध, हा तिसरा आणि सर्वांत मोठा आक्षेप. सरकार आजवर ताटाबाहेर होतं आणि आता शिरतं आहे, हे त्यामागचं गृहीतक टिकत नाही. युरोपीय संघाच्या शेती-अनुदानांचा २०१३ च्या आकड्यांवरून लायडनच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जनावरांच्या खुराकाला जाणारं अनुदान धरलं तर एकूण पैशांपैकी ८२ टक्के पैसा शेवटी प्राणिज उत्पादनांच्या पाठीशी उभा राहतो. करदात्याच्या पैशाने मांस स्वस्त ठेवायचं आणि मग ते स्वस्त मांस घेणाऱ्याच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणायचं, हे मला पटत नाही. सरकार ताटात आहेच. ते कोणत्या पारड्यात वजन टाकतं, एवढंच ठरवायचं आहे. आणि ज्या जेवणाचे पैसे सरकारच देतं, त्या रुग्णालयाच्या, शाळेच्या, वृद्धाश्रमाच्या जेवणात काय असावं हे ठरवणं त्याचं कर्तव्यच आहे. फक्त हवं त्याला मांस मागून घेता आलं पाहिजे. ती दुसरी ताटली राहिली म्हणूनच न्यूयॉर्कचा प्रयोग टिकला.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याच्या मनात वेगळीच शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे सरकार आणि मांस हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर बंदीच येते: २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा, पर्युषणातले मांसविक्रीबंदीचे आदेश, २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकानं बंद ठेवण्याचे कल्याण-डोंबिवली आणि इतर महापालिकांचे फतवे. यांच्या मागे आरोग्याचा किंवा हवामानाचा हिशेब नव्हता, आणि उद्या कोणी तो मागाहून जोडू पाहिला तर त्याला स्पष्ट नकार द्यायला हवा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातले ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया कधी ना कधी मासे, कोंबडी किंवा मांस खातात, पण त्यांच्या वाट्याला येणारं मांस डॅनिश माणसाच्या तुलनेत अगदी थोडं आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. अशा राज्यात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगितलं. डेन्मार्कचा धडा इथे लागू करायचा तर त्याचा अर्थ नेमका उलटा होतो. तिथे मुबलक खाणाऱ्याच्या ताटातलं थोडं कमी करायचं आहे, इथे उपाशी मुलाच्या ताटात ते पोहोचवायचं आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: पोषणाच्या पुराव्यावर चाला, कोणाच्याही निशाणावर चालू नका. अंडं काढून घेणाऱ्याने कोपनहेगनचा दाखला देऊ नये.

डेन्मार्ककडे परत येतो, कारण तिथलं काम अर्धवट आहे. २०२३ च्या आराखड्यात मांस किती कमी व्हावं याचा एकही आकडा नाही. सर्वांना टेबलाशी बसवायचं म्हणून तो टाळला गेला, हे समजण्यासारखं आहे. पण देशभरच्या सरकारी स्वयंपाकघरांच्या खरेदीसाठी तरी तो आता यायला हवा. जे कोपनहेगनला जमलं ते आरहूसला आणि ओडेन्सला न जमण्याचं कारण नाही, आणि तिथे आकडा ठेवल्याने कोणाच्या घरच्या ताटाला हात लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. गोठ्यावरचा कर २०३० मध्ये सुरू होईल आणि वनस्पतिजन्य अन्नाच्या निधीची मुदत त्याच वर्षी संपते. शेतकऱ्यावर बोजा यायचा आणि त्याच्या वाटाण्याच्या गिरणीला मिळणारा आधार जायचा, हे एकाच वर्षी घडू द्यायचं का, हे फोल्केटिंगला त्याआधी ठरवावं लागेल. निधी वाढवायला कराच्या उत्पन्नातून पैसा मिळू शकतो, आणि तो तिथेच गेला पाहिजे.